एसएस पाईपची रूट आतून परत परत काळी पडतेय? वेल्डर बदलण्याआधी हे तपासा

एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६एल चं काम, टिग वेल्डिंगने रूट (जॉइंटचा सगळ्यात आतला, पहिला पास), बाहेरून बीड एकदम चकाचक, आणि बोरोस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) आत घातला की काळं, दाणेदार, जळलेल्या साखरेसारखं. जॉइंट कापायचा, परत फिटअप, परत वेल्ड, दोन-तीन जॉइंट बरे जातात आणि चौथा परत तसाच. फार्मा, डेअरी, ब्रुअरी कुठल्याही लाईनवर काम केलेल्या माणसाने हे बघितलेलं असतं. हे लिहितोय ते अशा परत परत होणाऱ्या काळेपणासाठी, एखाद-दुसऱ्या वेळी नळी निसटली आणि एक जॉइंट गेला त्यासाठी नाही, ते कारण तर समोरच दिसतं.

असं झालं की साइटवर पहिल्यांदा काय होतं, तर वेल्डरला बोलणी बसतात. हात खराब आहे, अँपिअर जास्त ठेवलं, स्पीड कमी आहे. मग वेल्डर बदलतात, नवा येतो, तो पण चांगला सिक्स-जी (६जी, पाईप वेल्डिंगची अवघड परीक्षा) पास झालेला असतो, त्याचाही तिसरा-चौथा जॉइंट काळा निघतो. माझं स्पष्ट मत आहे की रूट आतून काळी पडणं हा बहुतेक वेळा हाताचा प्रश्न नसतोच, आत हवा कुठून तरी येतेय किंवा आतली हवा पूर्ण गेलेलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. वेल्ड करताना पाईपच्या आत आर्गॉन गॅस सोडून हवा घालवतात, त्यालाच पर्ज म्हणतात. हाताची चूक असली तर पेनिट्रेशन कमी-जास्त होईल, अंडरकट येईल, टंगस्टन चिकटेल. शुगरिंग, म्हणजे हा जळलेल्या साखरेसारखा काळेपणा, यायला आत ऑक्सिजनच लागतो, आणि तो वेल्डरच्या हातातून येत नाही.

आधी थोडं आत काय होतं ते, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. ३१६एल मध्ये १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं आणि स्टेनलेस गंजत नाही ते या क्रोमियमच्या ऑक्साइडच्या अगदी पातळ थरामुळे, जो काही नॅनोमीटरचाच असतो. रूट वितळलेली असताना आत ऑक्सिजन असला की क्रोमियम त्याच्याशी जोडलं जाऊन जाड, खडबडीत ऑक्साइड बनतं आणि त्याच्या खालच्या पातळ थरात क्रोमियम कमी पडतं. म्हणजे नुसता रंग खराब झाला असं नाही, तिथलं मटेरियल कमकुवत झालं. वर तो खडबडीत भाग सीआयपी ला (लाईन न उघडता आतून धुतात तेव्हा) साफ होत नाही, दुधाच्या किंवा औषधाच्या लाईनमध्ये तिथे घाण धरून बसते आणि पिटिंग पण तिथूनच सुरू होतं. म्हणून क्यूसी वाला रंग बघून जॉइंट कापायला लावतो तेव्हा तो उगाच त्रास देत नसतो.

रंगाचं माप ठरलेलं आहे. एडब्ल्यूएस (अमेरिकन वेल्डिंग सोसायटी) च्या डी १८.२ मध्ये १० नमुन्यांचा फोटो-चार्ट आहे, पहिला नमुना पर्ज गॅसमध्ये १० पीपीएम (दहा लाखात दहा भाग) ऑक्सिजन असताना केलेला, चौथा १०० पीपीएम, सातवा १००० आणि दहावा २५००० पीपीएम वर. फार्माच्या कामात साधारण पहिले तीन-चारच चालतात, नक्की कितवा ते तुमच्या प्रोजेक्टच्या स्पेसिफिकेशनमध्ये बघा. हलका सोनेरी-पिवळा, मग निळा, मग जांभळा-राखाडी आणि शेवटी ते काळं दाणेदार, असा रंग चढत जातो. या आकड्यांकडे नीट बघा, २५००० पीपीएम म्हणजे फक्त अडीच टक्के. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. म्हणजे आतली जवळपास ९० टक्के हवा घालवली तरी जॉइंट चार्टच्या सगळ्यात वाईट नमुन्यासारखा येणार. "आर्गॉन तर सोडला होता ना" हे उत्तर म्हणूनच पुरत नाही.

आता मुख्य गोष्ट. जॉइंट काळा निघाला की लगेच कापून भंगारात टाकू नका, कापलेला तुकडा उभा चिरून उघडा आणि काळं नक्की कुठे पडलंय ते बघा, घड्याळाच्या काट्याप्रमाणे मार्क करा, १२ ला, ६ ला, टॅकवर (पाईप जागेवर धरायला आधी मारलेले छोटे टाके), शेवटच्या इंचात. कारण जवळपास त्या जागेवरूनच कळतं. साइटवर हे कोणी करत नाही, घाईत तुकडा फेकतात आणि मग आठवडाभर अंदाज बांधत बसतात.

पूर्ण गोलावर एकसारखं काळं असेल तर पर्ज मुळात कमीच पडलाय, किंवा नळी कुठेतरी निघालीय, किंवा वेळ दिला नाही. ही सगळ्यात सोपी केस.

आडव्या पाईपला फक्त वरच्या बाजूला, म्हणजे ११ ते १ च्या मध्ये काळं आणि खाली चांदीसारखं असेल तर हवा वर अडकलीय. आर्गॉन हवेपेक्षा साधारण १.३८ पट जड, तो खाली बसतो आणि हवेला वर ढकलतो, त्यामुळे गॅस खालून आत आणि व्हेंट वरून बाहेर असंच पाहिजे. एंड कॅपला मधोमध भोक पाडून व्हेंट केला असेल तर वरच्या अर्ध्या भागातली हवा तिथेच फिरत राहते. भोक वरच्या कडेला घ्या, बऱ्याचदा एवढ्यानेच प्रश्न सुटतो. उभ्या लाईनला पण हेच, खालून भरा वरून सोडा. खालचं टोक उघडं ठेवून वरून आर्गॉन सोडत बसलात तर तो सरळ खाली निघून जाणार.

काळं फक्त टॅकच्या जागी असेल तर टॅक पर्ज न लावता मारलेत. फिटर घाईत असतो, तो म्हणतो टॅक तर आहे, नंतर वितळेलच. नाही वितळत नीट. टॅकचा मागचा भाग एकदा ऑक्साइड झाला की रूट त्याच्यावरून जाताना तो तसाच आत राहतो, लॅक ऑफ फ्युजन पण तिथेच येतं. टॅकला पण पर्ज लावा, आणि ब्रिज टॅक (गॅपवर बाहेरून मारलेला तात्पुरता टॅक) मारत असाल तर रूट तिथे पोचल्यावर तो ग्राइंड करून पूर्ण काढा.

एल्बो, टी, व्हॉल्व्ह किंवा इन्स्ट्रुमेंट टॅपिंगच्या जवळचेच जॉइंट काळे येत असतील आणि सरळ पाईपचे चांगले, तर त्या ब्रँचमध्ये हवा कोंडून बसलीय. मेन लाईनमधून आर्गॉन वाहतो पण बंद ब्रँचमधली हवा हळूहळू बाहेर झिरपत राहते, अगदी अर्धा तास पर्ज केल्यावर सुद्धा. प्रत्येक ब्रँचला स्वतःचा बारीक व्हेंट द्या आणि मेन पर्ज झाल्यावर तो टेपने बंद करा.

सकाळचा पहिला जॉइंट खराब आणि दिवसभर नंतर ठीक, ही तक्रार पावसाळ्यात तर कोकणपट्टीतल्या सगळ्या साइटवर असते. हा ओलावा आहे. रात्रभर नळी उघडी पडलेली असते, पाईप थंड असतो, आतल्या बाजूला दमट हवेचं पाणी धरतं. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ऑक्सिजन मीटर हे दाखवत नाही. मीटरवर ३० पीपीएम, सगळं बरोबर, आणि तरी बीड निळसर-राखाडी येतो कारण ऑक्सिजन पाण्यातून मिळतोय. काम थांबताना नळीची दोन्ही टोकं बंद करून ठेवायची, सकाळी आधी नुसत्या नळीतून दहा मिनिटं आर्गॉन सोडायचा आणि मग पाईपला जोडायचा, पाईप कोरडा करायचा. कॉम्प्रेसरची हवा मारून सुकवू नका, त्यात तेल असतं आणि पाणी पण.

शेवटच्या वीस-पंचवीस मिलिमीटरला काळं किंवा रूट बाहेर ढकललेली, आतून खोलगट, किंवा तिथे भोकच पडलं, तर ते प्रेशरचं काम आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

आणि रूट नंतर बघितली तेव्हा चांगली होती, पूर्ण जॉइंट झाल्यावर काळी निघाली, असं असेल तर पर्ज रूटनंतर बंद केलाय. आर्गॉन वाचवायला हे सर्रास करतात, सुपरवायझरच सांगतो की रूट झाली ना, काढा नळी. पण पातळ पाईपला हॉट पास मारताना रूट परत लाल होते, मागून उघडी असते, आणि जे पहिल्या पासला वाचवलं ते दुसऱ्या पासला जाळलं. वेल्ड साधारण ६ मिलिमीटर जाडीचा होईपर्यंत पर्ज चालू ठेवायचा, म्हणजे शेड्यूल १० च्या (शेड्यूल म्हणजे पाईपच्या भिंतीच्या जाडीचा वर्ग) छोट्या पाईपला तर पूर्ण जॉइंट होईपर्यंतच, आणि शेवटचा पास झाल्यावर पण जॉइंट थंड होईपर्यंत, लालसरपणा गेला म्हणजे थंड झाला असं नाही, २५० डिग्रीच्या खाली आला पाहिजे.

जागेवरून अंदाज आला की मग गॅसचा रस्ता तपासा, सिलिंडरपासून सुरू करून व्हेंटपर्यंत, क्रमाने. मधूनच उडी मारू नका.

सिलिंडर खराब आहे का हे बघायला सोपी टेस्ट आहे. एसएस ची स्वच्छ पट्टी घ्या, एसीटोनने पुसा, टॉर्च त्याच सिलिंडरला लावून फिलर न घालता एका जागी तीन-चार सेकंद आर्क ठेवा, बंद करा आणि पोस्ट-फ्लो संपेपर्यंत टॉर्च हलवू नका. ठिपका चांदीसारखा चमकला तर गॅस चांगला. काळपट, राखाडी, वर पापुद्रा आला तर आधी टॉर्चचा कप, कॉलेट आणि नळी बदलून बघा, आणि तरी तसंच आलं तर सिलिंडर परत पाठवा. प्रत्येक नवीन सिलिंडरला एवढं करायला दोन मिनिटं लागत नाहीत. आर्गॉन ९९.९९५ टक्के शुद्ध किंवा त्याच्या वरचा घ्या, आणि सिलिंडर अगदी रिकामा होईपर्यंत ओढू नका.

यानंतर नळी, आणि मला विचाराल तर निम्म्याहून जास्त केसमध्ये दोषी हीच निघते. साइटवर पर्जला जे हाताला लागेल ते वापरतात, पाण्याची पारदर्शक नळी, जुना रबरी होज, सिलिकॉनची नळी. सिलिकॉन तर सगळ्यात वाईट, दिसायला स्वच्छ, फार्मावाल्यांकडे ढीगभर पडलेली असते म्हणून लावतात, पण तिच्या भिंतीतून ऑक्सिजन आणि ओलावा सरळ आत येतो, आत प्रेशर असलं तरी. पुणे-सोलापूर रोडच्या एका साइटवर असंच चाललं होतं, दोन गँग, एकाच सिलिंडरच्या लॉटवर, एकाचे जॉइंट स्वच्छ आणि दुसऱ्याचे निळे-जांभळे. दोन्हीकडे वेल्डर अदलाबदल करून बघितले, गँग दोनचे जॉइंट निळेच. शेवटी मीटर नळीच्याच टोकाला लावला, पाईप नाही काही नाही, नुसती नळी. गँग एकची नळी काही मिनिटांत २० च्या खाली आली, गँग दोनची दीडशेच्या खाली उतरेचना. लांब सिलिकॉनची नळी, त्यात मध्ये दोन जोड, जोडाला बाइंडिंग वायर गुंडाळलेली. टेफ्लॉनची एकसंध नळी टाकली आणि त्याच दुपारी जॉइंट चांदीसारखे यायला लागले. म्हणून सांगतो, पाईपला हात लावण्याआधी नुसती नळी मीटरला लावून बघा.

टेफ्लॉन किंवा नायलॉनची नळी घ्या, जोड शक्यतो नकोच, असलाच तर नीट क्लँप. रेग्युलेटरच्या नटपासून सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावा. आणखी एक चेक, टोक बंद करा, प्रेशर भरा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा मिनिटांनी गेजचा काटा बघा. उतरला म्हणजे लीक आहे. लोक म्हणतात लीक असली तर आर्गॉन बाहेर जाईल, हवा आत कशी येईल. येते, वाहत्या गॅसच्या बाजूने ती बारीक फटीतून आत ओढली जाते.

एकाच रेग्युलेटरला वाय लावून टॉर्च आणि पर्ज दोन्ही चालवत असाल तर ते आजच बंद करा. टॉर्चचा ट्रिगर दाबला की पर्जच्या फ्लोमीटरची गोळी खाली बसते, डोळ्यासमोर दिसतं, म्हणजे नेमकं वेल्ड चालू असतानाच आतला फ्लो पडतो. वेल्डर हेल्मेटमध्ये असतो त्याला दिसत नाही, हेल्पर दुसरीकडे बघत असतो. पर्जला वेगळा रेग्युलेटर, वेगळा फ्लोमीटर.

आता वेळ. "पाच मिनिटं सोडला होता" हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलंय, पण पाच मिनिटं कुठल्या पाईपला? हिशोब करा, अवघड नाही. २ इंच शेड्यूल १० पाईपचा आतला व्यास ५४.८ मिलिमीटर, म्हणजे एका मीटरला २.३६ लिटर, ६ मीटरच्या पाईपला १४ लिटर. ४ इंच शेड्यूल १० चा आतला व्यास १०८.२, मीटरला ९.२ लिटर, ६ मीटरला ५५ लिटर. बरेच जण सांगतात की आतल्या जागेच्या पाच-सहा पट आर्गॉन सोडला की झालं. हवा आणि आर्गॉन आत मिसळत जातात असं धरलं तर सहा पट सोडल्यावर सुद्धा ५०० पीपीएम च्या आसपास ऑक्सिजन उरतो. ५० पीपीएम ला यायला सव्वाआठ-साडेआठ पट लागतो आणि १० पीपीएम ला दहा पट. म्हणजे ५० पीपीएम साठी २ इंचाच्या ६ मीटरला साधारण १२० लिटर, १० लिटर प्रति मिनिट ने १२ मिनिटं. ४ इंचाच्या ६ मीटरला ४७० लिटर, १५ ने सोडला तरी अर्धा तास. तिथे पाच मिनिटांत काम सुरू केलं तर जॉइंट काळा येणारच, वेल्डर कोणीही असो.

घाई असली की फ्लो वाढवतात, ३०-४० लिटर. उलट होतं. जोरात सोडलेला आर्गॉन आत गरगर फिरतो, हवेला ढकलण्याऐवजी तिच्यात मिसळतो. हळू सोडला तर जड आर्गॉन खालून भरत जातो आणि हवा वरून शांतपणे निघते. वेळ वाचवायचा असेल तर जागा कमी करा, फ्लो वाढवू नका. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना डॅम लावा, फोमचे बंग, रबर डिस्कचे रेडिमेड पर्ज प्लग, काहीही चालेल. दोन डॅममध्ये ३०० मिलिमीटर ठेवलं तर ४ इंचाला पावणेतीन लिटरच जागा राहते, ८ लिटर ने तीन मिनिटांत काम होतं. अर्ध्या तासाच्या जागी तीन मिनिटं, आणि आर्गॉनची बचत पण खरी इथेच आहे, हॉट पासला नळी काढण्यात नाही. फक्त डॅम उष्णतेपासून लांब ठेवा, फोम जळला तर त्याचा धूर परत आत, आणि काढायची दोरी लावल्याशिवाय डॅम आत घालू नका.

शेवटचे क्लोजिंग जॉइंट, जिथे डॅम नंतर काढता येत नाही, तिथे पाण्यात विरघळणारा पर्ज पेपर वापरा, हायड्रोच्या (प्रेशर टेस्टच्या) पाण्यात तो निघून जातो. साधा कागद किंवा थर्माकोल आत सोडू नका, पुढे जाऊन कुणाच्या तरी व्हॉल्व्हमध्ये किंवा पंपात सापडतो.

मीटरबद्दल एक गोष्ट जिच्यात चांगले चांगले लोक फसतात. सेफ्टीवाल्यांकडे जो फोर-गॅस डिटेक्टर असतो तो आणून व्हेंटला लावतात, ऑक्सिजन ०.० दाखवतो, सगळे खूश. त्या मीटरची बारकाई ०.१ टक्का असते, आणि ०.१ टक्का म्हणजे १००० पीपीएम. म्हणजे तो शून्य दाखवतो तेव्हा आत काहीशे पीपीएम आरामात असू शकतात, चार्टवरचा पाचवा-सहावा नमुना. तो मीटर माणसाच्या जिवासाठी आहे, वेल्डच्या रंगासाठी नाही. पर्जला पीपीएम मध्ये वाचणारा वेल्ड पर्ज मॉनिटर लागतो. आणि मीटरची नळी व्हेंटच्या तोंडावर नुसती धरू नका, बाहेरची हवा मिसळून आकडा खोटा येतो, थोडी आत सरकवा.

आता ते शेवटच्या इंचाचं. रूट गॅप दोन-अडीच मिलिमीटरचा असतो तेव्हा अर्धा पर्ज गॅपमधूनच निघून जातो, म्हणून पूर्ण गॅपवर टेप लावायचा, ॲल्युमिनियमचा चांगला, आणि वेल्ड करत जाल तसा थोडा थोडा सोलायचा. सगळा टेप एकदम काढला की गॅपमधून आर्गॉन बाहेर आणि वारा असला तर हवा आत. इथे वेल्डर आणि हेल्परची जोडी जमलेली लागते, हेल्परने विचारायचं "दादा, सोडू का?" आणि दादाने हो म्हटल्यावर दोन बोटं सोलायचं, त्याच्या पुढे नाही. डिंक राहिला तर एसीटोनने पुसा, नाहीतर तोच जळून रूटमध्ये जातो.

जसजसा गॅप बंद होत येतो तसा आतला आर्गॉन बाहेर जायला फक्त व्हेंट राहतो. फ्लो तेवढाच ठेवला आणि व्हेंट बारीक असला की प्रेशर वाढतं आणि वितळलेली रूट बाहेर ढकलली जाते, आतून खोलगट दिसते, शेवटच्या टाक्याला तर फुटून उडते आणि उडाली की हवा आत, म्हणून काळं. उपाय, व्हेंट नेहमी इनलेटपेक्षा मोठा, आणि वेल्ड सुरू करताना फ्लो ५-६ वर आणा, शेवटचा एक-दीड इंच राहिला की २-३ वर. एकदम बंद करू नका, ती दुसरी चूक, बंद केला की व्हेंटमधून हवा परत आत शिरते. व्हेंटसमोर टिश्यू पेपरची पट्टी धरा, हलकी हलत राहिली पाहिजे, फडफडली तर फ्लो जास्त.

इथेच सेफ्टीचं सांगतो कारण व्हेंट कुठे सोडताय याचा कोणी विचार करत नाही. आर्गॉनला वास नाही, रंग नाही, आणि जड असल्याने तो खड्ड्यात, ट्रेंचमध्ये, टँकच्या तळाला साठतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा धोक्याची, आणि माणसाला गुदमरल्यासारखं वाटत पण नाही, सरळ खाली कोसळतो. मोठ्या पाईपमध्ये किंवा व्हेसलमध्ये पर्ज करून झालेला असेल तर रूट बघायला डोकं आत घालू नका, एक श्वास पुरतो. व्हेंटची नळी मोकळ्या हवेत काढा, आणि तो फोर-गॅस डिटेक्टर इथे वापरा, तो याच कामाचा आहे. कोणी आत पडलेला दिसला तर त्याच्या मागे धावत जाऊ नका, वाचवायला गेलेला दुसरा माणूस पण तिथेच राहतो.

हे सगळं करून पर्ज मीटरवर २०-३० पीपीएम येतंय आणि तरी रंग येतो, तर मग पर्ज सोडून दुसरीकडे बघा. पाईपच्या आत तेल असेल, कटिंगचं कूलंट, मार्करची शाई, कोणाच्या हातमोज्याची ग्रीस. दोन्ही बाजूंना आतून-बाहेरून इंचभर एसीटोनने पुसा, लिंट न सुटणाऱ्या कपड्याने. एमएस ला (साध्या लोखंडाला) वापरलेला वायर ब्रश किंवा ग्राइंडिंग व्हील एसएस ला लावू नका. इंटरपास (पुढचा पास मारण्याआधीचं तापमान) १५० डिग्रीच्या आत ठेवा, गरम पाईपवर घाईत पास चढवला की हीट टिंट (वेल्डच्या बाजूचा रंगाचा पट्टा) रुंद होत जातो. आणि काळेपणा बाहेरून असेल, कॅप राखाडी आणि मंद, तर तो टॉर्चकडचा प्रश्न, गॅस लेन्स लावा, कप ७ किंवा ८ नंबर, फ्लो ८ ते १२, आर्क छोटा, पोस्ट-फ्लो पुरेसा, आणि वारा अडवा. आतला आणि बाहेरचा काळेपणा एकत्र करून विचार केलात तर दोन्ही सुटणार नाहीत.

एक केस वेगळी आहे आणि ऑर्बिटलवाल्यांना (पाईपभोवती फिरणाऱ्या मशीनने वेल्ड करणाऱ्यांना) ती नेहमी भेटते. रंग ठीक, पण बीड एका बाजूला सरकलेला, एका बाजूची कड वितळलीच नाही. मशीन तेच, प्रोग्राम तोच, काल चांगले आले आज नाही. हे बहुतेक सल्फरचं असतं. सल्फर अगदी कमी असलेल्या स्टीलमध्ये वितळलेला धातू बाहेरच्या दिशेने पसरतो, बीड रुंद आणि उथळ, सल्फर थोडा जास्त असला की आतल्या दिशेने वाहतो आणि खोल जातो. दोन वेगळ्या हीटचे (स्टीलच्या वेगळ्या वितळणीचे) पाईप जोडले, एकाचा सल्फर ०.००१ टक्का आणि दुसऱ्याचा ०.०१२, तर पूल कमी सल्फरच्या बाजूला सरकतो. म्हणूनच एएसएमई बीपीई (फार्मा-बायो लाईनच्या स्टँडर्ड) मध्ये ३१६एल साठी सल्फर ०.००५ ते ०.०१७ टक्के असा ठेवलाय. दोन्ही पाईपचे हीट नंबर घ्या, एमटीसी (मिलचं टेस्ट सर्टिफिकेट) काढा आणि सल्फरचा रकाना बघा, अँपिअरशी खेळत बसण्यात दिवस जातो.

जे जॉइंट आधीच काळे झालेत त्यांचं काय. हलका पिवळा असेल आणि स्पेसिफिकेशनमध्ये बसत असेल तर ठीक, पॅसिव्हेशनला (ॲसिडने धुऊन वरचा संरक्षक थर परत आणायला) जाऊ द्या. पण पॅसिव्हेशनने शुगरिंग जाईल अशी आशा ठेवू नका, नायट्रिक असो की सायट्रिक, ते जाड ऑक्साइड काढत नाही. निळा-जांभळा असेल आणि हात आत पोचत असेल तर पिकलिंग पेस्ट किंवा पॉलिश करून काढता येतो, मात्र पेस्टमध्ये हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असतं, साध्या हातमोज्याने ते काम करायचं नाही, आणि जखम दिसली नाही तरी अंगावर उडालं की लगेच दवाखाना. दाणेदार काळं झालं असेल तर कापा. त्याच्यावर परत आतून पर्ज लावून वितळवायचा प्रयत्न काही लोक करतात, दिसायला थोडं बरं होतं, पण ऑक्साइड धातूच्या आत मिसळतं आणि रेडिओग्राफीत परत निघतं. कापताना फक्त वेल्ड नको, दोन्ही बाजूंचा रंग आलेला भाग पण घ्या, आणि आयसो ड्रॉइंगवर (लाईनच्या नकाशावर) त्या जॉइंटच्या नंबरसमोर काळं कुठल्या जागी होतं ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच लाईनवर त्याच जागी परत आलं तर ते लिहिलेलं बघून दहा मिनिटांत कारण सापडतं.